पन्नासाव्या दिवसावर पंधरा मिनिटं

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, नवीन पनवेलमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. स्वतःची इमारत नाही, त्यामुळे दर रविवारी सकाळी बाकं सरकवणं हा उपासनेचाच एक भाग झाला आहे. ख्रिसमस अख्ख्या पनवेलला ठाऊक आहे. गुड फ्रायडेला सुट्टी असते म्हणून तोही ठाऊक आहे. पण इस्टरनंतर मे-जूनच्या सुमारास आमचा आणखी एक सण येतो. त्याला सुट्टी नसते, आणि म्हणून तो आमचा आम्हालाही नीट ठाऊक नाही. मराठी बायबलात त्याला पन्नासावा दिवस म्हटलं आहे.

गोष्ट अशी. येशू मरणातून उठला त्या रविवारपासून सात आठवडे झाले होते. तो स्वर्गात गेला होता आणि शिष्य यरुशलेमात एका घरात जमून बसले होते. अचानक सोसाट्याच्या वाऱ्यासारखा आवाज झाला, प्रत्येकाच्या डोक्यावर जिभेसारखी ज्योत दिसली आणि ही साधी माणसं, त्यांतले कित्येक कोळी, कधी न शिकलेल्या भाषा बोलू लागली. सणासाठी शहरात देशोदेशींचे लोक आले होते. ज्याला त्याला आपापली भाषा ऐकू आली. काही जण म्हणाले, हे प्यायलेत. तेव्हा पेत्र उठून म्हणाला की अजून सकाळचे नऊच वाजलेत. त्या दिवशी हजारो लोक शिष्यांना येऊन मिळाले. म्हणून हा दिवस मंडळीचा वाढदिवस मानतात, आणि वाढदिवस म्हणून आम्ही केक कापतो. एका वर्षी केकवर मेणबत्त्या किती लावायच्या यावर वाद झाला होता. दोन हजार लावणं शक्य नव्हतं. शेवटी एक लावली.

मी सांगतेय त्या वर्षी आमचे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, मला म्हणाले, "बाई, केकच्या आधी पंधरा मिनिटं तुम्ही बोला. सणाची यहुदी मुळं आणि ख्रिस्ती अर्थ."

"पंधरा मिनिटांत दोन्ही?"

"मुळं सात मिनिटं, अर्थ आठ."

पाळकसाहेब माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे आहेत आणि सगळं वेळेत बसवतात. मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. शिक्षकाला कुठल्याही विषयावर बोलता येतं असा लोकांचा समज असतो आणि शिक्षक तो दूर करत नाहीत. मी हो म्हटलं.

दोन दिवस मी पुस्तकं चाळली. मुळं सापडली, पण ती पुस्तकातलीच वाटत होती. तिसऱ्या दिवशी माझे यजमान पेपर खाली न घेता म्हणाले, "खालच्या मजल्यावर एक यहुदी राहतात. अकरा वर्षं झाली."

ते काका बेने इस्राएल. कोकणात शेकडो वर्षं राहिलेले मराठी बोलणारे यहुदी. पूर्वी हे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावोगावी त्यांना शनिवार तेली म्हणत. काका एका कारखान्यात टर्नर होते. बायको वारली, दोन्ही मुली इस्राएलला गेल्या, आणि आता ऐंशीच्या घरातले काका एकटेच राहतात. अकरा वर्षांत आमचं बोलणं झालं होतं ते फक्त पाण्याच्या टाकीबद्दल. त्यामुळे मी दारात उभी राहिले तेव्हा ते म्हणाले, "आज सकाळीच साफ करून घेतली."

मी म्हटलं, "टाकीचं नाही काका. मला पन्नासाव्या दिवसाच्या सणाचं मूळ विचारायचंय."

त्यांनी मला आत बसवलं, चष्मा लावला आणि म्हणाले, "मूळ विचारायला दोन हजार वर्षांनी आलात. बसा."

मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. वल्हांडण म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतून सुटल्याचा सण. त्याच्या दुसऱ्या संध्याकाळपासून रोज एक, अशा बारीक पेन्सिलीच्या खुणा होत्या. सात आठवडे, एकोणपन्नास दिवस रोज तोंडाने म्हणून मोजायचे आणि पन्नासाव्या दिवशी सण. त्याला ते शाबुओथ म्हणतात, म्हणजे आठवडे. शुक्रवार संध्याकाळच्या खुणा जरा वेगळ्या दिसत होत्या. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा शनिवार, आदल्या संध्याकाळीच सुरू होतो आणि त्यात लिहायचं नाही, म्हणून त्या दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर केलेल्या होत्या.

"पहिल्यांदा हा शेतकऱ्यांचा सण," काका म्हणाले. "वल्हांडणाला जवाची पहिली पेंढी, आणि पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाच्या दोन भाकरी देवापुढे. खमीर घातलेल्या."

"खमीर घातलेल्या? वल्हांडणाला तर तुम्ही घरात खमिराचा कणही ठेवत नाही."

"तेव्हा नाही. या वेळी हुकूमच आहे की घाला. का, ते देवाने सांगितलेलं नाही. आम्ही विचारलंही नाही, फुगलेली भाकरी सगळ्यांनाच आवडते."

शेतकरी गेले, यरुशलेमातलं देऊळ पडलं, भाकरी ठेवायला जागा राहिली नाही. मग सणाचा दुसरा अर्थ पुढे आला. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटलेले त्यांचे पूर्वज सात आठवडे चालून सीनाय डोंगराशी पोचले आणि तिथे त्यांना देवाचं नियमशास्त्र मिळालं, तोरा मिळाला, तो हाच दिवस. डोंगर धुराने भरला होता, आग होती, आवाज होता. मी वहीत लिहीत होते. आग आणि आवाज माझ्याकडेही होते.

काका म्हणाले, "आणखी एक लिहा. जुने गुरू सांगायचे की देवाचा आवाज सीनायवर सत्तर भाषांत फुटला. जगातल्या प्रत्येक माणसाला आपल्या भाषेत कळावा म्हणून."

माझं पेन थांबलं. यरुशलेमातल्या त्या घरात काय झालं हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, आणि तो नवाच चमत्कार आहे अशी माझी समजूत होती. सणाला जमलेले ते देशोदेशींचे लोक यहुदीच होते आणि हाच सण पाळायला आले होते, हे वाचलं होतं. पण वाचलेलं डोक्यात बसायला मला काकांच्या सोफ्यावर यावं लागलं.

"म्हणजे मूळ तुमच्याकडेच आहे," मी म्हणाले.

"तसं म्हणू नका," काका म्हणाले. "माझे आजोबा सांगायचे की आमचे कोकणातले पूर्वज हा सण विसरूनच गेले होते. शब्बाथ, सुंता, काही सण एवढंच लक्षात राहिलेलं. मग बाहेरून शिकवणारे आले. आणि जुना करार मराठीत आमच्या हातात पडला तो तुमच्या मिशनऱ्यांनी छापलेला. तुम्ही मूळ विचारायला माझ्याकडे आलात, आणि मला ते तुमच्या छापखान्यातून मिळालेलं आहे."

हे सात मिनिटांत कसं बसवायचं याचा मी विचार करत होते. तोवर काकांनी जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचा तेविसावा अध्याय उघडून माझ्यापुढे ठेवला आणि बोट टेकवलं. भाकरींचे, सणाचे नियम संपतात आणि लगेच एक वाक्य येतं, कापणी करताना शेताच्या कडेचं कापू नका, पडलेला सरवा गोळा करू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. हा अध्याय मी अनेकदा वाचला होता. हे वाक्य मी दरवेळी वगळलं असावं.

"म्हणून या सणाला आम्ही रूथचं पुस्तक वाचतो," काका म्हणाले. "परकी बाई, सरवा वेचणारी. आणि दुधाचं खातो. ते का, यावर पाच कारणं आहेत आणि पाचही पटण्यासारखी नाहीत. बासुंदी करतो मी. तुम्हाला पाठवीन."

निघताना मी सहज विचारलं, सणाला देवळात जाता का. त्यांच्या प्रार्थनाघरात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, त्याला तिकडे मशीदच म्हणतात, दहा पुरुष जमले तरच तोराची गुंडाळी बाहेर काढून वाचता येते. जुन्या पनवेलात आता मोजकी घरं उरली होती. काकांनी फोन करकरून नऊ जण पक्के केले होते.

मी म्हटलं, "मी आले असते, पण मी मोजणीत येणार नाही."

"तुमचे यजमान?"

"ते दोन कारणांनी येणार नाहीत. एक तर ख्रिस्ती आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी अकराच्या आत उठत नाहीत."

काकांनी मान हलवली. दुसरं कारण त्यांना जास्त गंभीर वाटल्यासारखं दिसलं.

इकडे पाळकसाहेबांनी कार्यक्रमात भर घातली. मंडळीत जेवढ्या भाषा आहेत तेवढ्यांत बायबलातला पन्नासाव्या दिवसाचा उतारा एकाच वेळी वाचायचा. मराठी, हिंदी, मल्याळम, तमिळ, तेलुगू, कोकणी आणि इंग्रजी. आठवडाभर संध्याकाळी तालीम सुरू झाली. मल्याळम वाचणारे गृहस्थ तीस वर्षं कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रक भरून घेत होते. त्यांचा आवाज ट्रकच्या मागच्या टोकाला पोचायला तयार झालेला. त्यांच्यापुढे टिकायचं म्हणून तमिळवाल्या बाई ओरडायच्या, त्यांच्यामुळे तेलुगू, आणि कोकणीचे फक्त ओठ हलताना दिसायचे. मी काकांना हे सांगितलं.

काका म्हणाले, "सीनायवर सत्तर भाषा होत्या. गोंधळ झाला नाही, कारण बोलणारा एकच होता."

हे मी तालमीत सांगितलं नाही.

शाळेच्या शेजारी एका मोठ्या इमारतीचं काम चालू होतं. तिथल्या मजूर बायका शाळेच्या नळावर पाणी भरायला यायच्या. सगळ्या कातकरी, कोन गावाच्या पलीकडच्या वाडीवरच्या. तालीम सुरू व्हायची वाट बघत मी व्हरांड्यात वही घेऊन बसले होते, तेव्हा त्यातली एक कळशी नळाखाली लावून माझ्याजवळ आली. चाळिशीची असेल. हातावर सिमेंट वाळलेलं.

"बाई, तुमी हितं शिकवता?"

"शिकवायचे. आता रिटायर झाले."

"मंग आता कशाला येता?"

मी म्हटलं, सणाची गोष्ट सांगायची आहे, ती पाठ करतेय. ती खाली बसली. कळशी भरायला वेळ होता, नळाला धार बारीक होती.

"काय गोष्ट हाय?"

मी रूथची सांगितली. एक सासू होती. दुष्काळात नवऱ्याबरोबर परमुलखात गेली. तिथे नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. ती सुनांना म्हणाली, माहेरी जा, मी माझ्या गावी जाते. एक सून गेली. दुसरी, रूथ, गेली नाही. म्हणाली, तू जाशील तिथे मी येणार.

"का नाय गेली?"

"सासूवर जीव होता तिचा."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "सासूवर?"

"हो."

"कुठला गाव?"

मी बेथलेहेम सांगितलं. तिने ते गाव ऐकलेलं नव्हतं, पण गाव लांबचं असणार एवढं तिला पटलं. मग मी सांगितलं, दोघी तिथे पोचल्या तेव्हा कापणी चालू होती, आणि रूथ शेतात सरवा वेचायला गेली.

"सरवा आमी पन वेचायचो," ती म्हणाली. "भात कापला का मागं जायाचं. लोंब्या पडल्याल्या. उंदराच्या बिलातनं पन काढायचो."

"त्या देशात देवाचा हुकूमच होता. मालकाने कडेचं कापायचं नाही, पडलेलं उचलायचं नाही. गरिबासाठी ठेवायचं."

"आमच्या हितं कोनाला सांगितलेला नाय," ती म्हणाली. तक्रार नव्हती, नुसती माहिती. मग तिने वर, बांबूंनी वेढलेल्या सातव्या मजल्याकडे हात केला. "हा हाय ना, हितं भात होता. हितंच वेचलाय मी, आयसबरोबर. आता नाय."

कळशी भरून वाहू लागली होती. ती उठून गेली. मी माझं भाषण काढलं आणि त्यातली बरीच पानं मला नकोशी झाली. घरी जाऊन ती फाडली.

त्या वर्षी काकांचा सण शुक्रवार-शनिवारी आला आणि आमचा लगेच रविवारी. दोन्ही दिवस काका मे महिन्याच्या उन्हात, सणाला वाहन नको म्हणून, नवीन पनवेलहून जुन्या पनवेलला चालत गेले. आदल्या संध्याकाळी बासुंदीचं पातेलं आमच्याकडे आलं होतं. मला मधुमेह आहे. मी दोन वाट्या खाल्ल्या. शनिवारी अंधार पडल्यावर मी पातेलं परत द्यायला गेले आणि विचारलं, दहा झाले का.

"काल दहा होतो. दहा आज्ञा वाचल्या, उभं राहून ऐकल्या. आज नऊ. एकाचा गुडघा सुजला."

"मग?"

"साडेदहापर्यंत थांबलो. मग गुंडाळी न काढता प्रार्थना केली आणि रूथ वाचली. रूथला दहा लागत नाहीत." ते पातेलं पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "नऊ जण बसलेले असले ना बाई, की सगळे दाराकडेच बघत असतात. माझं सगळं आयुष्य त्या मशिदीत गेलं. लहानपणी उभं राहायला जागा मिळायची नाही."

मग त्यांनी विचारलं, "उद्याचं झालं का पाठ?" मी म्हटलं, झालं, पण छोटं झालं.

रविवारी साडेआठला उपासना सुरू झाली. गाणी झाली, प्रार्थना झाली आणि नऊच्या सुमारास सात भाषांचं वाचन सुरू झालं. तालमीत जे झालं होतं तेच झालं, फक्त आता माइक होते. मल्याळम जिंकत होती. पुढच्या रांगेतलं एक तान्हं बाळ रडू लागलं आणि तेही ऐकू येईना. दाराशी पाच-सहा मजूर बायका कळश्या घेऊन उभ्या राहिल्या. रविवारीही त्यांचं काम चालूच असे. आणि वाचन एकदम संपलं तेव्हा जी शांतता पसरली, त्यात दारातून त्या ओळखीच्या बाईचा आवाज आला.

"बाई, काय म्हनत्यात हे सगले?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. कार्यक्रमपत्रिकेत हे नव्हतं. पाळकसाहेब या बाबतीत सावध असतात आणि त्याला कारण आहे. बाहेरच्या कोणाला, त्यातून आदिवासींना, आम्ही हॉलमध्ये बसवलं असं कोणी म्हटलं तर दुसऱ्या दिवशी वेगळ्याच चौकशा सुरू होतात. पण प्रश्न मला विचारला होता. एकतीस वर्षं कुणी प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, ही सवय होती. मी वही बाकावर ठेवली, दारापर्यंत गेले आणि सांगितलं. एका मोठ्या माणसाची माणसं होती, तो गेल्यावर घाबरून घरात बसली होती. कापणीच्या सणाला गावात लांबलांबचे लोक आले होते, कुणाची भाषा कुणाला कळत नव्हती. देवाचं वारं आलं, आणि ही माणसं बोलायला लागली ती ज्याची त्याला कळली. लोक म्हणाले, प्यायलेत. एक जण म्हणाला, अहो, आत्ताशी नऊ वाजलेत, इतक्या सकाळी कोण पितं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग मागे वळली आणि बाकीच्या बायकांना त्यांच्या भाषेत सांगू लागली. त्यातल्या दोघी म्हाताऱ्या होत्या, त्यांना मराठी फारसं येत नसावं. ती हात वर करून वारं दाखवत होती, डोक्यावर बोटं नाचवत होती. ज्योतींचं मी तिला सांगितलंच नव्हतं. भिंतीवर मुलांनी काढलेलं चित्र लावलं होतं, ते तिने पाहिलं असणार. तीन-चार मिनिटं हॉलमधली दीडशे माणसं एक अक्षर न कळता ऐकत होती. एका जागी सगळ्या बायका जोरात हसल्या, एक म्हातारी तर कळशी खाली ठेवून हसली. नऊ वाजल्याचा भाग आला होता.

मल्याळम वाचणारे गृहस्थ माझ्या बाजूला उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते हळू आवाजात, म्हणजे चौथ्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, हेच होतं."

भाषण मी उभ्याउभ्याच केलं. सीनायवरचा आवाज, दोन भाकरी, आणि शेताची कडा. म्हटलं, आपला अर्थ असा की तशी कडा आता आपल्या बोलण्यातही राखून ठेवायची आहे, परका येईल तेव्हा त्याला त्याच्या भाषेत काहीतरी मिळालं पाहिजे. पाच मिनिटांत संपलं. मग केक कापला. बायकांनाही दिला. बांधकामावरचा मुकादम पलीकडून ओरडत होता म्हणून त्यांनी तो पदरात बांधून नेला.

सोमवारी शाळेतून पाळकसाहेबांना फोन आला, की रविवारी फाटकाबाहेरच्या लोकांना आत का घेतलं. पाळकसाहेब म्हणाले, पाणी भरायला आल्या होत्या. ते खरंच होतं. मंडळीच्या कार्यकारी मंडळाच्या बैठकीत नोंद झाली की कार्यक्रम अठरा मिनिटं लांबला, आणि पुढच्या वर्षी सात भाषा एकापाठोपाठ वाचाव्यात. मुकादमाने त्या बाईला बोल लावले होते, म्हणून मी जाऊन सांगितलं की चूक माझी. तो म्हणाला, "तुम्ही रोज येऊ नका म्हणजे झालं."

मी रोज गेले नाही. दोन आठवड्यांनी त्यांचं तिथलं काम संपलं. जाताना ती म्हणाली, वाडीवर या. बोलावण्याची रीत म्हणून म्हणाली असेल, पण मी बस आणि मग रिक्षा करून गेले. कारवीच्या कुडाच्या घरापुढे सात-आठ बायका जमल्या. त्या रविवारी हसलेली म्हातारी माझ्याशी काहीतरी बोलली. मला कळलं नाही. मी म्हटलं, पुन्हा सांगा. तिने पुन्हा सांगितलं, मी तिच्यामागे म्हणून पाहिलं, आणि सगळ्या एवढ्या हसल्या की एकीला ठसका लागला.

"काय म्हणाले मी?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या बाई," माझी ती ओळखीची बाई म्हणाली. "परत म्हना, सावकाश."